कागद कुठं फाटला, ते आधी बघ

रुखवताची ऑर्डर न्यायला नवरीची आई स्वतः आली होती. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घरात पुढच्या खोलीतच माझं टेबल, कॉम्प्युटरवरचं चित्र कागदातून कापणारं कटिंग मशीन आणि कागदांचे ताव असा सगळा संसार मांडलेला असतो. तुळशीवृंदावन, सप्तपदीची पावलं, दोन मोर आणि त्यांच्यामागची जाळी, सगळं गडद हिरव्या आणि आमसुली कार्डशीटमधून कापून पुठ्ठ्यावर चढवून तयार होतं. त्यांनी एकेक वस्तू खिडकीकडे धरून बघितली. जाळीतून पलीकडचा उजेड दिसला तेव्हा त्यांचा चेहरा फुलला. निघता निघता मात्र त्यांची नजर टेबलाच्या कडेला ठेवलेल्या एका तावाकडे गेली. त्याच मोराचा ताव, पण तुऱ्याची टोकं उचकटलेली, एका पिसाचा डोळा अर्धवट निघून लोंबणारा. तो त्यांनी उचलला, फाटक्या टोकावर हलकेच अंगठा फिरवला आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "शेवटी मशीनच ते. हाताला कळतं तसं त्याला कुठलं कळायला?"

बोलण्यात टोमणा नव्हता, ते मला कळत होतं. बाई स्वतः क्रोशाचं काम करतात, तर्जनीला सुईचा घट्टा पडलाय. त्यांचा विश्वास हातावर असणारच. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. रात्री भाकरी थापायला बसले, पीठ जरा सैल झालंय हे तळहाताला आपोआप कळलं, आणि ते पुन्हा आठवलं. खरंच की, माझ्या मशीनला काहीच कळत नाही. समोर कागद आहे की नाही हेसुद्धा नाही. कागद न लावता नुसती मॅट, म्हणजे कागद चिकटवायचा तो चिकट प्लास्टिकचा ताव, सरकवली तर तितक्याच निष्ठेनं ते त्या मॅटवर अख्खा मोर कापून ठेवेल. मग जे काम नीट होतं, उजेडाला धरलं की माणूस हरखून जावं इतकं नीट होतं, ते नेमकं कुणाला कळल्यामुळं होतं?

फाटलेला ताव मी लगेच टाकत नाही. बाजूला ठेवते, कारण काय बिघडलंय ते त्याच्यावरच सापडतं. त्या मोराच्या तावावर सरळ रेषा सगळ्या स्वच्छ कापल्या होत्या. मोठी वळणंही गुळगुळीत होती. फाटलं होतं ते फक्त टोकांना, जिथं रेष एकदम मागं वळते तिथं. आणि प्रत्येक टोकाला बारीक तंतू सुटलेले, सगळे एकाच बाजूला ओढलेले. एवढं दिसलं की हात आपोआप ब्लेडच्या घराकडे, म्हणजे ज्यात ब्लेड बसवतात त्या नळीकडे, जातो. कात्री दोन पात्यांमध्ये कागद धरून कापते. हे ब्लेड मात्र कागदातून ओढलं जातं. त्याचं टोक बरोबर मधोमध नसतं, नेहमीच्या 45 अंशांच्या ब्लेडला ते मध्यापासून साधारण 0.25 मिलिमीटर बाजूला असतं. त्यामुळं ऑफिसच्या खुर्चीचं चाक जसं खुर्ची ढकलाल तिकडं आपसूक वळतं, तसं हे ब्लेड रेषेच्या मागोमाग स्वतःभोवती फिरत येतं. त्याला फिरवायला वेगळी मोटर नसते. टंगस्टन कार्बाइडचा तो एवढासा तुकडा आपल्या बेअरिंगमध्ये मोकळा फिरला पाहिजे, एवढीच त्याची गरज. आत कागदाचा धागा, गोंदाचा कण, चमकीच्या कागदाचा चुरा अडकला की फिरणं जड होतं. सरळ रेषेत काहीच जाणवत नाही, कारण तिथं वळायचं नसतं. टोक येतं, रेष मागं फिरते, ब्लेड मात्र जुन्याच दिशेला तोंड करून राहतं. मग धार सोडून ते कुशीनं ओढलं जातं आणि कागद उचकटतो.

घर काढलं, वरची दांडी दाबून टोक बाहेर आणलं आणि भिंगाखाली धरलं. हिरव्या कार्डशीटचा एक तंतू ब्लेडच्या मुळाशी गुंडाळून बसला होता. एवढासा, की नुसत्या डोळ्यांना ब्लेडवरचा ओरखडा वाटावा. आधी फुंकर मारली, मग ॲल्युमिनियमच्या फॉइलची घट्ट गोळी करून तिच्यात ब्लेड बऱ्याच वेळा टोचलं, घर पुन्हा बसवून पकड घट्ट आवळली. पकड सैल राहिली तर घरच थरथरतं, आणि मग रेषेला कातरे पडतात. पुढचा ताव लावला. तुरा एकेक टोकासकट सुटा झाला. रुखवतात गेला तो हाच मोर.

हे सगळं त्या ताईंना सांगायचं राहूनच गेलं.

हाताला कळतं म्हणजे काय कळतं, ते मी माझ्या आत्याकडे बघितलंय. आत्या कडेगावची. लग्नसराईत आणि जत्रेच्या आधी गल्लीतल्या पताका तिच्या हातच्या असायच्या. ओसरीत सतरंजी टाकून बसायची, पुढ्यात पतंगी कागदाचे गुलाबी, पोपटी, केशरी ताव, बाजूला पितळी वाटीत मैद्याची खळ. खळीत किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद, आणि आम्हा पोरांना त्या वाटीला हात लावायची सक्त मनाई. शिजलेल्या मैद्याचा तो आंबूस वास आणि त्यात मिसळलेला कागदाच्या रंगाचा वास मला आजही लग्नाच्या मांडवापेक्षा जास्त लग्नाचा वाटतो. आत्या कात्री हलवायचीच नाही. कात्रीचा हात मांडीला टेकलेला, पाती एका जागी उघडमीट करणारी. फिरायचा तो डाव्या हातातला कागद. टोक आलं की ती क्षणभर थांबायची, कागद वळवून घ्यायची आणि मगच पुढची चिमट. माझ्या मशीनमध्ये मॅट मागंपुढं होते, ब्लेड डावीउजवीकडं जातं, आणि त्या दोघांच्या हिशोबातून प्रत्येक गोलाई निघते. पण टोकाला थांबायचं ते काही आपणहून थांबत नाही. बारीक कामाला वेग कमी ठेवला की ते थांबणं जरासं तरी त्याच्या चालीत येतं. म्हणून नाजूक जाळी असली की वेग पहिल्यांदा खाली आणते, कितीही घाई असली तरी.

मोहरमला कडेगावात उंचच उंच ताबूत निघतात. बांबूचा सांगाडा, वर रंगीत कागद, आणि त्यात हिंदू-मुसलमान दोघांचेही मान. आम्ही पोरं मान मोडेपर्यंत वर बघायचो. आत्या बघायची खाली, हाताच्या उंचीवर, कागदाला कागद कुठं जोडलाय तिथं. "जोड दिसत न्हाई बघ," म्हणायची, आणि तिच्या आवाजात जो आदर असायचा तो उंचीबद्दल कुणी बोलताना मला ऐकू आलेला नाही. ताबुतांच्या गर्दीत, ढोलांच्या आवाजात, एका बाईनं कागदाचा जोड हेरणं, हे मला तेव्हा काही विशेष वाटलं नव्हतं. आता स्वतः कागदात बसते तेव्हा वाटतं.

कापायला बसण्याआधी आत्या एक गोष्ट करायची. ताव कानाजवळ धरून हलवायची. कोरडा कागद खडखडतो, ओल धरलेला नुसताच हलतो. मग अंगठा आणि तर्जनीत त्याची कड चोळून बघायची. एखाद्या पावसाळी सकाळी गठ्ठा तसाच बाजूला ठेवून द्यायची. "ह्यो कागद आज ऐकायचा न्हाई." आणि तो गठ्ठा चुलीवरच्या फळीवर जायचा. दुपारनंतर तोच कागद ऐकायचा.

सांगलीच्या माणसाला ओल काय करते ते वेगळं सांगावं लागत नाही. हरिपूर आणि सांगलवाडीकडं हळद जमिनीतल्या पेवांत ठेवायचे, माती अशी की आतला माल वर्षानुवर्षं कोरडा राहायचा. 2005 च्या पुरात तिथं पाणी शिरलं. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45 फूट. मी ज्यांच्याकडून कागद घेते त्यांचं गणपती पेठेतलं दुकान पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर गेले तेव्हा रीमच्या रीम फुगून एकजीव झालेल्या, ताव सुटा करायला गेलं की बोटाला लगदा लागायचा. दुकानभर चिखलाचा वास होता, पण त्याच्या खाली ओल्या कागदाचा गोडसर वास येत होता आणि तोच जास्त जिव्हारी लागत होता. काका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. काहीच न बोलता त्यांनी मला बसायला दुसरी खुर्ची पुढं केली.

पूर ही टोकाची गोष्ट झाली. आषाढ-श्रावणातली रोजची हवासुद्धा कागद पीत असतो. तंतू ओलीनं फुगतात, लांबीत थोडे आणि जाडीत बरेच, आणि एकमेकांवरची त्यांची पकड ढिली पडते. अशा कागदात ब्लेड गेलं की तंतू कापले जायच्या ऐवजी मागं ढकलले जातात. मग फाटणं एका टोकाशी न राहता सबंध रेषेवर येतं, कड लवदार दिसते, बोट फिरवलं तर मऊ लागते. बोथट ब्लेडनंही कड अशीच होते. दोन्हींतला फरक कळायला एक सोपा मार्ग आहे. त्याच ब्लेडनं कपाटातला कोरडा तुकडा कापून बघायचा. तो स्वच्छ निघाला तर ब्लेडला दोष नाही, हवेला आहे. माझे ताव मी प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्यांत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, लोखंडी कपाटात ठेवते. लागेल तेवढेच बाहेर काढते. आणि हो, कान लावते. 220 जीएसएमची (चौरस मीटरला 220 ग्रॅम वजनाची) कार्डशीट पतंगी कागदाइतकी खडखडत नाही, पण तिलाही आवाज आहे. कोरडी असली की हलवल्यावर टणक वाजते.

गणपती पेठेतल्या त्या काकांनीच मला कागदाची दुसरी खोड दाखवली. नवीन माल आला होता, मी नेहमीप्रमाणं रंग बघत होते. त्यांनी एका तावाचा कोपरा घेतला, वरून खाली फाडला. रेष पट्टी धरल्यासारखी सरळ गेली. मग शेजारीच आडवा फाडला. फाट वाकडी झाली, मध्येच अडली, कडेला झिपऱ्या निघाल्या. "ताई, कुठल्या अंगानं पडलाय बघा," म्हणाले. गिरणीत कागद तयार होतो तेव्हा लगदा सरकत्या जाळीवर पडतो आणि बहुतेक तंतू त्या सरकण्याच्या दिशेला धरून पडतात. ही दिशा मग तावात कायमची राहते. तंतूंच्या बाजूनं कागद सहज फाटतो, त्यांना आडवं फाडायला गेलं की झगडतो. बायंडिंगवाले हे पिढ्यान् पिढ्या जाणतात. वही उघडली की पानं स्वतःहून पसरतात की ताठ उभी राहतात, ते यावरच असतं. काकांनी फाडलेले ते दोन्ही तुकडे मी घरी आणले. माझ्या टेबलावर काचेखाली आहेत, येणाऱ्या प्रत्येक शिकणारीला दाखवते.

जाळीत ह्याचा फार संबंध येतो. दोन छिद्रांमधली जी बारीक काडी उरते, तिच्यात तंतू लांबीनं गेले असतील तर ती तग धरते. तंतू तिला आडवे असतील तर तिच्यात धरून ठेवणारं काही नसतं, उचलताना पटकन तुटते. एकाच दिशेच्या काड्या तुटल्या आणि दुसऱ्या दिशेच्या शाबूत राहिल्या, असं दिसलं की ताव 90 अंशांत फिरवून लावायचा. हातकागदात ही भानगड कमी. पुण्याच्या शिवाजीनगरमधल्या, 1940 पासून चालत आलेल्या हातकागद संस्थेचे ताव मी आवडीनं घेते. त्यात तंतूंना अशी एक ठरीव दिशा नसते. पण ते लांब असतात आणि जाडी जागोजागी बदलते, त्यामुळं बारीक नक्षीला तो कागद देऊ नये. त्यात मोठं पान कापावं, सूर्य कापावा. त्याची कड लवदार निघाली तरी ती शोभते.

मॅटचं थोडक्यात. चिकटपणा फार असेल तर कापलेलं नीट असूनही उचलताना वरचा थर खाली चिकटून राहतो. नवी मॅट सुती कपड्यावर थोपटून घ्यावी. चिकटपणा गेला असेल तर कागद कापता कापता सरकतो आणि तावाच्या एकाच भागात फाटतो. मॅट कोमट पाण्यानं आणि भांड्यांच्या साबणानं हलक्या हातानं धुवून वाऱ्यावर वाळवावी, पुष्कळदा पकड परत येते. कागद लावल्यावर रबरी रोलर फिरवावा, खाली हवा राहिली की तिथं ब्लेड अडखळतं. आणि काढताना कागद मॅटवरून ओढू नये. मॅट पालथी करून ती वाकवत कागदापासून सोडवावी.

श्रावण लागला की माझा फोन वाजायला लागतो. 2018 च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली, त्यानंतर मखरं कागद-पुठ्ठ्याकडं वळली, आणि कितीतरी घरांतल्या बायकांनी ही छोटी मशीनं घेतली. कुणी इस्लामपूरहून, कुणी विट्याहून, कुणी पलीकडच्या गल्लीतून विचारतं, "वहिनी, कागद फाटतोय." मी विचारते, कुठं फाटतोय? उत्तर बहुतेक वेळा तेच येतं: "सगळीकडंच. प्रेशर वाढवलं तरी फाटतोय."

प्रेशर वाढवणं मला अगदी मनापासून पटत नाही. कागद तुटला नाही, फाटला, म्हणजे जोर कमी पडला असं समजून आपण तो वाढवतो. ब्लेड कागदातून आरपार जाऊन मॅटमध्ये रुततं, मॅटच्या प्लास्टिकशी घासत ओढलं जातं, आणि बारीक काडीवर त्या ओढीचा सगळा ताण येतो. मग आणखी फाटतं. मग आणखी जोर. मॅटवर बोट फिरवलं तर खोल चरे लागतात, तेव्हा ही साखळी किती पुढं गेलीय ते कळतं. बरोबर कापलं असेल तर मॅटवर जेमतेम रेष उमटलेली असते. जाड कागद एका फेरीत निघत नसेल तर जोर आहे तेवढाच ठेवून त्याच रेषेवरून दुसरी फेरी द्यावी. जोराला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी, ब्लेड, मॅट, हवा, कागदाची दिशा, सगळं बघून झाल्यावर. आणि त्याआधी तावाच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन, त्याच्या आत त्रिकोण, एवढं कापून बघावं. तीन टोकं आणि चार कोपरे नीट सुटले तर पुढचा अख्खा गणपती सुटतो.

अर्थात, डिझाइनच बिघडलेलं नसेल तर. फोटोवरून सॉफ्टवेअरनं आपोआप काढलेल्या गणपतीत सोंडेच्या एका वळणावर ठिपक्यांची, म्हणजे रेष ज्यांना जोडत जाते त्या बिंदूंची, रांगच्या रांग असते. ब्लेड प्रत्येक ठिपक्याला दिशा किंचित बदलतं, थरथरत जातं. कधी दोन रेषा एकावर एक असतात आणि तेच टोक दोनदा कापलं जातं. अशा वेळी प्रत्येक तावावर फाटण्याची जागा तीच, मग कागद बदला, ब्लेड बदला. तीच सोंड, तोच दात. हे ओळखायला दोन फाटके ताव एकावर एक ठेवून खिडकीशी धरावेत. दोन्हींची भोकं जुळली तर मशीनपासून उठून कॉम्प्युटरपाशी बसायचं, ठिपके कमी करायचे, जादा रेष काढायची. चित्र स्वतः हातानं गिरवून घ्यायला एक संध्याकाळ जाते, पण त्या गिरवण्यात सोंडेचं वळण आपल्या मनगटात बसतं आणि ते कापताना उपयोगी पडतं. कसं, ते मला नीट सांगता यायचं नाही. पण पडतं.

त्या ताईंच्या वाक्याला मी मनातल्या मनात बरीच उत्तरं दिली. मशीनला कळत नाही हे खरंच आहे, आणि म्हणून त्याच्याकडे कागद जायच्या आधी कुणाला तरी कळून घ्यावं लागतं. आत्याचं कळणं आणि कापणं एकाच वेळी, एकाच बोटात व्हायचं. कागद अडला की तिथल्या तिथं तिची चिमट हलकी व्हायची. माझं कळणं आधी होतं, किंवा फाटल्यानंतर. मधल्या वेळात, ब्लेड चालू असताना, मला फक्त आवाज असतो. तोही मी ऐकायला शिकलेय. कोरड्या कागदात ब्लेड करकर जातं, ओल्या कागदात आवाज बसका होतो, आणि बसला की मी मशीन थांबवते. पण त्या मधल्या वेळात हात रिकामा असतो हे मला खटकतं, नाही असं नाही. आत्याच्या पताकांत दोन झालरी कधी तंतोतंत सारख्या नसायच्या. शेवटच्या पताकेपर्यंत तिचा हात सैलावलेला असायचा आणि पाकळ्या जरा मोठ्या व्हायच्या. वाऱ्यावर ओळ हलायची तेव्हा ती वाढत जाणारी पाकळी दिसायची. माझ्या शंभर पाकळ्या शंभर सारख्या. गिऱ्हाइकाला हवं असतं तेच, मीही तेच देते, आणि ते देताना मला अभिमानही वाटतो. पण गणपतीत मांडवाखालून जाताना जुन्या पद्धतीच्या पताका दिसल्या की मी थांबून शेवटची पाकळी बघते.

आत्यानं माझं मशीन शेवटी शेवटी बघितलं होतं. डोळ्यांनी तिला फारसं दिसत नव्हतं. मी कमळाची जाळी कापत होते. तिनं ब्लेड चालण्याचा आवाज ऐकला, मॅट बाहेर आल्यावर जाळी हातात मागितली आणि सगळ्या काड्यांवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग म्हणाली, "कागद चांगला घेतलाईस." एवढंच. मशीनबद्दल चांगलं नाही, वाईट नाही. मला तेव्हा वाटलं होतं की ती अजून काही म्हणेल. तिच्या हातात कमळ तसंच होतं, आणि ती त्याची कड चोळून बघत होती.

हल्ली जतची एक मुलगी माझ्याकडून फोनवर शिकते. नगरपालिकेत कंत्राटी काम करते, संध्याकाळी घरी मखरांच्या जाळ्या कापते. फाटलं की लगेच व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायची. फोटोत कड लवदार आहे की उचकटलेली ते दिसत नाही, तंतू कुठल्या बाजूला ओढलेत तेही नाही. तिला सांगितलं, फाटलेला कागदच पाठव. गेल्या आठवड्यात तिच्या भावानं सांगलीला येताना वहीच्या पुठ्ठ्यांत दाबून ताव आणून दिला. चौकोनांची जाळी, 180 जीएसएमचा मोरपंखी कागद. कोपरे सगळे स्वच्छ, कड कडक, मॅटचा डाग कुठं नाही. पण आडव्या काड्या जवळजवळ सगळ्या तुटलेल्या आणि उभ्या सगळ्या जागेवर. कोपरा दोन्ही बाजूंनी फाडून बघितला, खात्री केली आणि तिला सांगितलं, ताव फिरवून लाव.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "काकी, आडव्या सगळ्या आल्या! पण आता उभ्या तुटल्या की."

हे होणारच होतं. जाळीला दोन्हीकडच्या काड्या असतात आणि कागदाला एकच दिशा. म्हटलं, आता कागद सोड, डिझाइन उघड. आडव्या काड्या आहेत तशाच ठेव, फक्त उभ्या तेवढ्या जाड कर. लांबून बघणाऱ्याला फरक कळणार नाही.

"किती जाड करू?"

"दीड मिलिमीटरनं सुरू कर. आणि अख्खा ताव लावू नकोस हं, आधी एकच चौकोन कापून बघ."